‘घरचं हाय का?’ – गिऱ्हाइकाशी बोलणारा चॅटबॉट समजून घेताना

इन्स्टाग्रामवर साडीची किंवा मसाल्याची रील बघता बघता खाली एक ओळ दिसते : ‘कमेंटमध्ये “मसाला” असं लिहा, सगळी माहिती डीएममध्ये मिळेल.’ आपण लिहितो. फोन खाली ठेवायच्या आत मेसेज येऊन पडतो, तोही आपल्या नावासकट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. इतक्या रात्री दुकानात कोण जागं आहे?

कुणीही नाही. उत्तर दिलं ते चॅटबॉटने. चॅटबॉट म्हणजे लिहून आलेल्या प्रश्नाला माणसाची मदत न घेता लिहून उत्तर देणारा प्रोग्रॅम. आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी गाठ पडलेली आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. मार्च २०२०मध्ये केंद्र सरकारने व्हॉट्सॲपवर करोनाची माहिती देणारा मदतनीस सुरू केला, तो मुंबईच्या हॅप्टिक या कंपनीने बनवलेला बॉटच होता. जानेवारी २०२२मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या सेवा व्हॉट्सॲपवर आणल्या, त्याही अशाच बॉटमार्फत. मेट्रोच्या तिकिटापासून बँकेतल्या शिलकेपर्यंत बरंच काही आता याच रस्त्याने येतं.

ही सोय आता घरगुती धंद्यापर्यंत पोचली आहे, म्हणून हा लेख. माझी मामेबहीण कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला करून विकते. मिरच्या वाळल्या, डंकावर कुटायला गेल्या, की तिचा फोन दिवसभर वाजत असतो. गेल्या हंगामात तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून बॉट बसवला आणि पंधरा दिवसांत वैतागून मला बोलावलं. आम्ही दोघींनी दोन दिवस बसून तिचे सगळे मेसेज वाचले. बॉट कुठे उपयोगी पडतो आणि कुठे घात करतो, हे मला त्या दोन दिवसांत नीट उमगलं.

मेसेज जातो कुठे, उत्तर येतं कुठून?

बॉट तुमच्या फोनमध्ये नसतो. दुकानदाराच्या फोनमध्येही बहुधा नसतो.

सरकारी कार्यालयातली खिडकी आठवा. बाहेर आपण उभे, आत कारकून. आपण आत जायचं नाही, कारकुनाने बाहेर यायचं नाही. ठरलेल्या नमुन्यातला कागद खिडकीतून आत सरकवायचा आणि उत्तर त्याच खिडकीतून घ्यायचं. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक ही तिन्ही मेटा या कंपनीची, आणि मेटाने दुकानदारांच्या प्रोग्रॅमसाठी अशी खिडकी ठेवलेली आहे. तिला एपीआय म्हणतात. तुम्ही ‘मसाला’ लिहिलंत की मेटाचे संगणक दुकानाच्या बॉटला घंटी वाजवून कळवतात : अमक्याचा अमुक मेसेज आलाय. बॉट उत्तर तयार करतो, खिडकीतून परत पाठवतो, आणि मेटा ते तुमच्या फोनवर पोचवतं. एवढी सगळी ये-जा एका श्वासात उरकते.

फेसबुकने मेसेंजरवर बॉटसाठी दार उघडलं ते एप्रिल २०१६मध्ये. व्हॉट्सॲपचं दुकानदारांसाठीचं वेगळं ॲप जानेवारी २०१८मध्ये आलं आणि मोठ्या कंपन्यांसाठीची खिडकी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. छोट्या दुकानदाराला या खिडकीपर्यंत जायचीही गरज नसते. व्हॉट्सॲप बिझनेस या फुकट ॲपमध्येच तीन सोयी आहेत : पहिल्यांदा आलेल्याला आपोआप जाणारं स्वागत, दुकान बंद असताना जाणारा निरोप, आणि नेहमीची उत्तरं आधी लिहून ठेवून एका खुणेने पाठवण्याची सोय. यातली तिसरी तर बॉटसुद्धा नाही, कारण पाठवणारा माणूसच असतो. फक्त त्याचा टाइप करायचा वेळ वाचतो. माझ्या मते निम्म्या घरगुती धंद्यांचं एवढ्यावर भागतं. पण हे कुणी विकायला येत नाही, म्हणून कुणी सांगायलाही येत नाही.

पहिली जात : ठरलेल्या शब्दांवर चालणारे

‘मराठीसाठी एक दाबा’ हे आपण फोनवर कितीतरी वर्षं ऐकतोय. साधा बॉट त्याचाच लिहिता भाऊ. बटणं दाखवतो : दर, ऑर्डर, पत्ता. बटण दाबलं की पुढची फांदी, तिथून पुढची. किंवा मग ठरलेला शब्द शोधतो. मेसेजमध्ये ‘दर’ दिसला की दरपत्रक पाठवायचं, ‘पत्ता’ दिसला की नकाशा. यात समज नावाची गोष्ट नाही. कुलपात किल्ली बसली तर दार उघडतं, नाही बसली तर उघडत नाही.

बहिणीच्या बॉटला शिकवलं होतं : ‘हाय’ किंवा ‘नमस्कार’ आलं की स्वागताचा मेसेज पाठव. आता कोल्हापुरातली एक काकू लिहिते, ‘घरचं हाय का?’ म्हणजे मसाला घरी केलेला आहे ना? बॉटला त्यात ‘हाय’ दिसला. त्याने उत्तर दिलं, ‘नमस्कार! आपले स्वागत आहे.’ काकूंनी पुन्हा विचारलं, ‘अगं घरचं हाय का ते सांग.’ पुन्हा तेच स्वागत. तिसऱ्यांदा काकूंनी विचारलंच नाही.

हा संवाद मी वाचला तेव्हा बहिणीचा चेहरा उतरलेला होता. त्या काकू तिच्या आईच्या ओळखीच्या. ‘त्यांना वाटलं असणार मी उद्धट झाले,’ ती म्हणाली. बॉट तिच्या नावाने बोलत होता, तिच्याच फोटोखाली. काकूंनी राग धरला तर बहिणीवरच धरणार.

तरीही या जातीचा एक मोठा गुण आहे : जे लिहून ठेवलंय त्याच्यापलीकडे तो काही बोलत नाही. चुकला तर गप्प राहून चुकतो किंवा भलतीकडे उत्तर देतो, पण मनाचं काही रचत नाही.

दुसरी जात : आधी पोटोबा, मग…

मधली रिकामी जागा तुम्ही वाचता वाचताच भरलीत. ‘विठोबा’ हा शब्द मी लिहिला नव्हता, पण आयुष्यभर ही म्हण ऐकल्यामुळे तो आपसूक आला. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून गाजतंय ते तंत्र मुळात असंच चालतं. अफाट मजकूर वाचून काढलेलं हे यंत्र प्रत्येक वेळी ‘यापुढे कुठला शब्द येणं साजेसं आहे’ याचा अंदाज करतं, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. याला भाषेचं मॉडेल म्हणतात. त्याला ‘घरचं हाय का’ विचारलं तर ते बहुतेक वेळा बरोबर ओळखतं, कारण अशी वाक्यं आणि त्यांचे संदर्भ त्याच्या वाचनात आलेले असतात. शब्द अडला तरी वाक्याचा रोख त्याला सापडतो.

पण हीच त्याची ताकद त्याला गोत्यात आणते. गिऱ्हाईक विचारतं, ‘पार्सल किती दिवसांत येईल?’ दुकानाचा नियम मॉडेलला माहीत नसेल तरी रिकामी जागा भरायचीच आहे. जगभरच्या मजकुरात या प्रश्नापुढे ‘३ ते ५ दिवसांत’ असं असंख्य वेळा आलेलं असतं. मग ते तेच लिहितं, ठामपणे, गोड भाषेत. ते खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. ते साजेसं बोलतं. साजेसं आणि खरं यांतला फरक वाचणाऱ्याला मात्र कळायची सोय नसते.

यावर उपाय निघाला आहे. पुस्तक उघडं ठेवून द्यायची परीक्षा असते, तशी त्याची परीक्षा घ्यायची. दुकानाचे दर, नियम, वेळा एका फाइलमध्ये ठेवायच्या; प्रश्न आला की आधी फाइलीतला संबंधित भाग शोधून मॉडेलसमोर ठेवायचा आणि बजावायचं की उत्तर यातूनच दे, नसेल तर ‘विचारून सांगते’ म्हण. याने चुका बऱ्याच कमी होतात. पूर्ण जात नाहीत. पुस्तक समोर असूनही पेपरात चुकणारे विद्यार्थी आपण पाहिलेले आहेत, आणि पुस्तकातच जुना दर असेल तर बॉट बिचारा तोच सांगणार.

बहिणीचा बॉट दोन्ही जातींचा होता : स्वागत ठरलेल्या शब्दांवर, बाकीची उत्तरं फाइल बघून मॉडेलची. तिथे रिकामी जागा भरण्याचाच प्रकार झाला. एका मावशींनी विचारलं, ‘लेक अमेरिकेत असते, तिकडं पाठवता का?’ बहीण परदेशी पाठवत नाही. कुरिअर, कस्टम, खाद्यपदार्थांचे नियम हा तिच्या आवाक्यातला प्रकार नाही. पण तिच्या फाइलीत परदेशाबद्दल एक अक्षरही नव्हतं. बॉटने लिहिलं, ‘होय, आम्ही जगभर पाठवतो!’ मावशींनी पाच किलोचे पैसे पाठवून दिले.

चोवीस तासांचं दार

लोकांना हमखास पडणारा एक प्रश्न : ‘लिंक हवी तर कमेंट करा’ म्हणतात, कमेंट केली तर डीएममध्ये पुन्हा बटण येतं, ‘इथे दाबा म्हणजे लिंक मिळेल’. एकदाच का देत नाहीत?

याचं उत्तर मेटाच्या नियमात आहे. दुकानाने कुणालाही उठसूट मेसेज करू नये म्हणून दार गिऱ्हाइकानेच उघडावं लागतं. तुम्ही मेसेज केलात की दुकानाला चोवीस तास तुमच्याशी मोकळं बोलता येतं. तुम्ही पुन्हा काही लिहिलंत तर चोवीस तास नव्याने सुरू. नुसती कमेंट केलीत तर दार पूर्ण उघडत नाही, फट पडते : दुकानाला त्या कमेंटवर तुम्हाला एकच खासगी मेसेज करता येतो, तोही सात दिवसांच्या आत. म्हणून त्या एकुलत्या एका मेसेजमध्ये ते बटण ठेवतात. तुम्ही ते दाबलंत की तो तुमचा मेसेज धरला जातो, आणि दार सताड उघडतं. पुढच्या दिवसभरात ‘ऑफर संपत आली’ असे निरोप का येतात, हेही आता लक्षात येईल. कमेंटी वाढल्या की रील आणखी लोकांना दिसेल हाही त्यात हिशेब असतोच.

व्हॉट्सॲपवर चोवीस तास उलटून गेल्यावर दुकानाला बोलायचं असेल, तर मेटाकडून आधी मंजूर करून घेतलेला साचाच वापरावा लागतो. ‘आपली ऑर्डर क्रमांक अमुक निघाली आहे’ हा तसा साचा. जाहिरातीचा, कामाच्या निरोपाचा आणि ओटीपीचा असे त्याचे प्रकार आहेत, आणि जुलै २०२५पासून त्यांचे पैसे मेसेजगणिक लागतात. गिऱ्हाइकाने आधी विचारलं आणि चोवीस तासांत साधं उत्तर दिलं, तर मेटा पैसे घेत नाही. धंदा करणाऱ्याने एवढी गोष्ट नीट समजून घेतली तरी पुष्कळ खर्च वाचतो.

पण त्याला आपलं मराठी कळतं का?

थोडंफार कळतं. कुठलं मराठी, यावर ते अवलंबून आहे.

छापील मराठी त्याला चांगलं येतं. पण गिऱ्हाईक छापील मराठीत लिहीत नाही. बरेचसे मेसेज मराठी असतात पण इंग्रजी अक्षरांत. ‘पाहिजे’ हा एकच शब्द बहिणीच्या फोनमध्ये आम्हाला सात वेगवेगळ्या स्पेलिंगांनी सापडला. ठरलेल्या शब्दावर चालणारा बॉट यात पार हरतो. भाषेचं मॉडेल बरंच निभावून नेतं, पण ते मराठी आहे की हिंदी असा गोंधळ घालतं आणि हिंदीत उत्तर देऊन मोकळं होतं.

आणि मग गावागावाचे शब्द. कोल्हापूर-सांगलीकडे कांदा-लसूण मसाल्याला घरोघरी ‘चटणी’ म्हणतात. ‘चटणी कशी किलो?’ हा बहिणीला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. बॉटचं उत्तर : ‘आमच्याकडे चटणी उपलब्ध नाही, मसाले उपलब्ध आहेत.’ दारात आलेलं गिऱ्हाईक त्याने असं परत पाठवलं, रोज. हा दोष तंत्रज्ञानाचा म्हणावा तर नाही. बॉट बसवून देणाऱ्याने तिला कधी विचारलंच नाही की तुझी माणसं या मालाला काय म्हणतात.

आणखी एक बारीक पण खिशाला लागणारी गोष्ट. ही मॉडेलं शब्दांचे तुकडे करून वाचतात आणि तुकड्यांच्या संख्येवर पैसे लागतात. ती प्रामुख्याने इंग्रजी मजकुरावर घडल्यामुळे देवनागरी मजकुराचे तुकडे साधारणपणे जास्त पडतात, म्हणजे तेच बोलणं मराठीत महाग पडतं. नव्या मॉडेलांत हा फरक कमी होत चाललाय. पुण्यातल्या एल३क्यूबसारख्या गटाने खास मराठीसाठी मॉडेलं आणि मजकुराचे संग्रह तयार करून सगळ्यांना खुले केले आहेत, आणि २०२२मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्पही भारतीय भाषांसाठीच आहे. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. इंग्रजीत मोठ्या कंपन्या जे करतात, ते मराठीत थोड्या माणसांच्या चिकाटीवर उभं राहतंय.

चुकीचं सांगितलं तर भरून कोण देणार?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

नोव्हेंबर २०२२मध्ये कॅनडातल्या एका माणसाची आजी वारली. अंत्यविधीला जायचं म्हणून त्याने एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला विचारलं की अशा दुःखद प्रसंगासाठी भाड्यात सवलत मिळते का. बॉट म्हणाला, आत्ता तिकीट काढा आणि ९० दिवसांच्या आत अर्ज करा, फरक परत मिळेल. त्याने पूर्ण भाडं भरून तिकीट काढलं. नंतर कंपनी म्हणाली, प्रवासानंतर सवलत देण्याचा आमचा नियमच नाही. तो बरोबर नियम वेबसाइटवर दुसऱ्या पानावर लिहिलेला आहे.

माणूस लवादाकडे गेला. तिथे कंपनीने मांडलेल्या मुद्द्याचा अर्थ असा होत होता की चॅटबॉट ही वेगळीच कुणी आहे आणि तिच्या बोलण्याची जबाबदारी तिची. ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने फेब्रुवारी २०२४मध्ये हे साफ फेटाळलं. वेबसाइटवरची माहिती साध्या पानावर असो नाहीतर बॉटच्या तोंडी, जबाबदार कंपनीच. आणि गिऱ्हाइकाने एका पानावरचं खरं आहे का हे दुसऱ्या पानावर जाऊन पडताळावं, अशी अपेक्षा का ठेवायची? नुकसानभरपाई, व्याज आणि खर्च धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. रक्कम किरकोळ. पण ‘बोललं यंत्र, मी नाही’ हा बचाव चालला नाही, ही मोठी गोष्ट.

आपल्याकडचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा आहे आणि मालाबद्दल, सेवेबद्दल दिशाभूल करणारी माहिती देणं त्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. ती माहिती माणसाने टाइप केली की यंत्राने, एवढ्या फरकावर दुकानदाराची सुटका होईल असं मला वाटत नाही. होऊही नये.

धंद्यात शब्दाला किंमत असते. ‘शब्द दिलाय’ म्हणून तोटा सोसलेले व्यापारी आपल्या ओळखीत असतात. बॉटला माहिती सांगायला ठेवा, पण शब्द द्यायला ठेवू नका. दर, वेळ, पत्ता, पार्सल कुठवर आलं, ही माहिती. किती सवलत, पैसे परत मिळतील का, अमुक तारखेपर्यंत नक्की पोचेल का, तमुक आजारात खाल्लं तर चालेल का, हा शब्द. माहितीच्या टोकाला बॉट आणि शब्दाच्या टोकाला माणूस, अशी रेघ दुकानदाराने स्वतः आखायची असते. बॉट विकणारी कंपनी ती आखून देत नाही, कारण तो शब्द पाळायला ती येणार नसते.

बॉटला मुद्दाम फसवणारेही असतात. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या एका मोटार-विक्रेत्याच्या बॉटला एका माणसाने आधी पढवलं की मी म्हणेन त्याला हो म्हण, आणि मग नवीकोरी मोठी गाडी एका डॉलरला मागितली. बॉट हो म्हणाला. गाडी तशी गेली नाही, पण बॉट बंद करावा लागला.

मावशींचं काय झालं? बहिणीने फोन केला, माफी मागितली, पैसे परत केले. आणि मसाला मावशींच्या घरी पाठवला, जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर त्या लेकीला धाडणार होत्या. हे बॉटला सुचलं नसतं.

मग माणसांची कामं जाणार?

काही जाणार, आणि ते दडवण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरमध्ये पासवर्ड बदलून देणं, बिलाची तारीख सांगणं अशा कामांवर बसलेल्या मुलामुलींना याची धास्ती वाटते, ती खोटी नाही.

पण एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्लार्ना या स्वीडनच्या पैसे-व्यवहार कंपनीने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर केलं की आमचा बॉट पहिल्याच महिन्यात २३ लाख संभाषणं हाताळतोय, म्हणजे ७०० माणसांचं काम करतोय. मे २०२५मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की खर्चावर फार भर दिल्याने सेवेचा दर्जा घसरला आणि ग्राहकसेवेसाठी पुन्हा माणसं घेतोय; हवा तेव्हा माणूस मिळाला पाहिजे. बॉट त्यांनी काढलेला नाही, तो आहेच. माणसांकडे आता अवघड, भावनेची, शब्दाची कामं आली. अशी कामं करणाऱ्याला पगार जास्त मिळायला हवा. तो मिळतो का, हे बघत राहावं लागेल.

बहिणीकडे तर कुणाची नोकरी जायचा प्रश्नच नव्हता. ती स्वतःच रात्री बारापर्यंत ‘किलो किती’ला उत्तरं देत बसायची. तिचे ते दोन तास परत मिळाले, तर त्यात वाईट काही नाही.

माझा नंबर, पत्ता कुणाच्या हाती जातो?

दोन मित्रांमधलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं कुलूपबंद असतं. किल्ल्या त्या दोघांकडेच. दुकानाशी बोलताना मात्र ‘दुसरी बाजू’ म्हणजे एक माणूस नसतो. दुकानाचे कर्मचारी, बॉट चालवणारी कंपनी, भाषेचं मॉडेल पुरवणारी कंपनी, यांच्यापर्यंत तुमचा मेसेज पोचू शकतो. म्हणून बॉटशी बोलताना बँकेच्या खिडकीवर मोठ्याने बोलतोय असं समजावं. ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे, आधार कार्डाचा फोटो तिथे टाकू नये. खरा बॉट ओटीपी विचारत नाही. विचारला तर समोरचं खातंच बनावट आहे असं धरून चाला.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतील. माहिती कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत सांगायचं, संमती घ्यायची, आणि गिऱ्हाइकाने संमती मागे घेतली तर ती मानायची, असा त्याचा गाभा आहे.

माणूस हवा असेल तर

व्हॉट्सॲपच्या धंद्यासाठीच्या धोरणातच लिहिलंय की आपोआप उत्तरं देणाऱ्या दुकानाने माणसापर्यंत पोचायचा झटपट आणि स्पष्ट रस्ता ठेवलाच पाहिजे. त्यामुळे ‘माणसाशी बोलायचं आहे’ असं सरळ लिहा. नाहीच जमलं तर ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांनुसार विक्री-वेबसाइटना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्याच्याही पुढे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

आणि दुकानदाराने बॉट बॉट आहे हे आधीच सांगावं. १९६६मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा बोलणारा प्रोग्रॅम बनवला. तो समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा, बस. त्यांच्या सेक्रेटरीला तो कसा बनलाय हे माहीत होतं, तरी बोलताना तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. एवढ्या साध्या यंत्रापाशीही माणूस मन मोकळं करतो. मग गोड मराठी बोलणाऱ्या यंत्राने ‘मी यंत्र आहे’ हे न सांगणं हा विश्वासाचा गैरवापर ठरतो. युरोपच्या नव्या एआय कायद्यात हे सांगणं बंधनकारक केलेलं आहे.

आम्ही शेवटी काय केलं

बॉट काढून टाकला नाही. आधी गेल्या महिन्यातले मेसेज वहीत उतरवून काढले, एकेका प्रश्नापुढे रेघा मारत. बहुतेक रेघा चारच प्रश्नांपुढे पडल्या : दर, मसाला कितपत झणझणीत, कुरिअर कुठवर, पैसे कसे पाठवायचे. ते चार बॉटकडे दिले. ‘चटणी’, ‘तिखट’, ‘मसाला’ हे एकच, हे त्याला शिकवलं. ‘हाय’ शब्दावरचं स्वागत काढलं. अमेरिका, सवलत, परत, खराब, लग्न असे शब्द आले की त्याने गप्प बसायचं आणि बहिणीला खबर द्यायची, असं ठरवलं. लग्नाची ऑर्डर मोठी असते आणि ती आवाज ऐकल्याशिवाय ठरत नाही, असं तिचं म्हणणं.

पहिली ओळ तिने स्वतः लिहिली : ‘हे आपोआप जाणारं उत्तर आहे. मी डंकावर गेलेय. काही राहिलं तर “ताई” असं लिहा, संध्याकाळी सातनंतर मीच फोन करते.’

मग त्या काकूंना तिने त्याच संध्याकाळी फोन लावला. ‘घरचंच हाय काकू,’ ती म्हणाली, ‘या की बघायला.’